राजाच्या आतला राजा

माणसाच्या आत काय असतं हे जहांआरा मुकादमनं इतक्या वेळा पाहिलं होतं, की त्याचं अप्रूप केव्हाच ओसरलं होतं. दुबईच्या देरा भागातल्या एका डायग्नॉस्टिक सेंटरमध्ये ती सीटी स्कॅनची टेक्निशियन होती. म्हसळ्याच्या शाळेतून मुंबईला, तिथं रेडिओग्राफीचा कोर्स, मग लग्न आणि लग्नापाठोपाठ दुबई. नवरा मोहिद्दीन गलबतांच्या धक्क्याजवळ दोरखंड, पंप आणि इंजिनाचे सुटे भाग विकायचा. घर अल कुसैसला. सकाळी तो तिला सेंटरच्या दारात सोडायचा, संध्याकाळी घ्यायला यायचा, आणि मधल्या वेळात तिच्या टेबलावर अख्खी दुबई येऊन आडवी होऊन जायची. साइटवरून पडलेले गडी, पोट धरून आलेले सोन्याचे व्यापारी, पाठीनं बेजार झालेले पठाण टॅक्सीवाले, अबाया सावरत आलेल्या म्हाताऱ्या. सगळ्यांचे मेंदू, काळजं, मणके तिला सारखेच दिसायचे.

तिच्या कामाचा एक अलिखित नियम होता. पडद्यावर काहीही दिसो, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. पेशंट काचेपलीकडून तुमच्याकडेच बघत असतो. त्यानं विचारलं तर म्हणायचं, रिपोर्ट डॉक्टर देतील. हा नियम जहांआरानं इतका अंगी मुरवला होता की घरीसुद्धा तिच्या मनातलं ओळखणं अवघड झालं होतं. मोहिद्दीन गमतीनं म्हणायचा, हिला जन्नत दाखवली तरी ही म्हणेल, रिपोर्ट उद्या मिळेल.

नव्याण्णव सालच्या जानेवारीत सेंटरच्या मोठ्या डॉक्टरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि शुक्रवारी सकाळी तासभर येशील का, असं विचारलं. शुक्रवारी सेंटर बंद असे. पेशंट कोण, असं तिनं विचारलं तर डॉक्टर जरा घुटमळले. मग म्हणाले, "एक राजा आहे. मातीचा."

हकीकत अशी होती. शारजातल्या एका म्युझियममध्ये हिमालयातल्या बौद्ध देवळांमधल्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं. लडाखमधल्या एका आडगावच्या देवळातून एक मूर्ती आली होती. तिच्यासोबत देवळाची देखभाल करणारे छेवांग नावाचे लामा आले होते, कारण मूर्तीला एकटं पाठवायला गाव तयार नव्हतं. विमानतळावरून येताना कुठेतरी पेटीला धक्का बसला. उघडून पाहिलं तर मूर्तीच्या डाव्या खांद्यापासून बैठकीपर्यंत तडा गेलेला, आणि बुडाशी बसवलेली लाकडी फळी निखळलेली. आत किती मोडतोड झालीय ते कळल्याशिवाय विमा कंपनी मूर्ती मांडू देईना, आणि मूर्ती फोडून आत बघणं शक्य नव्हतं. मग कुणालातरी सीटी स्कॅन सुचला.

घरी जहांआरानं हे जेवताना सांगितलं. सांगताना ती जराशी अडखळली, कारण झालं तरी ती मूर्ती होती. मोहिद्दीननं माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाला, "अगो, तुला फोटो काढायचाय. पूजा थोडीच करायचीय." धाकटी सुमैय्या म्हणाली, "मम्मी, अ किंग इज कमिंग टू युअर हॉस्पिटल? सो कूल." एवढ्यावर तो विषय मिटला.

शुक्रवारी सकाळी देरा अगदी शांत होता. दुकानांची शटरं खाली, रस्ते मोकळे. म्युझियमची व्हॅन मागच्या दाराला लागली. पहिल्यांदा एक बाई उतरली. सुती साडी, त्यावर स्वेटर, खांद्याला जड पिशवी. जहांआराचं नाव ऐकल्याबरोबर ती मराठीत बोलायला लागली. ती अनुराधा दामले. मूळची पुण्याची, हिमालयातल्या जुन्या मूर्तींवर तिनं डॉक्टरेट केली होती. नवऱ्याच्या नोकरीपायी शारजाला आली आणि अल नहदातल्या एका टॉवरमध्ये राहून शाळेत इतिहास शिकवत होती. प्रदर्शन ठरलं तेव्हा म्युझियमनं तिला शोधून काढलं, आणि प्रत्येक वस्तूखालची पाटी लिहायचं काम तिच्याकडे आलं.

तिच्यामागून छेवांग लामा उतरले. सत्तरीचे असावेत. उन्हानं रापलेला, सुरकुत्यांनी भरलेला चेहरा, अंगावर डाळिंबी रंगाचं जाड वस्त्र आणि पायात म्युझियमनं घेऊन दिलेले पांढरे स्पोर्ट्सचे बूट. शेवटी म्युझियमचे साहेब आणि विमा कंपनीचा माणूस उतरले. दोन हमालांनी मूर्ती उचलली, तिच्याबरोबर लामाजी एक हात पुढे करून चालत राहिले, जसं एखाद्या आजारी वडीलधाऱ्याच्या सोबत चालावं.

स्ट्रेचरवरची चादर बाजूला झाली तेव्हा जहांआरानं राजाला पाहिलं. दीडेक हात उंच. मातीचा, वर रंग दिलेला, आणि त्या रंगावर लोण्याच्या दिव्यांच्या काजळीचा थरावर थर. मिशा बारीक. डोळे किंचित मिटलेले. अंगात फुलांची वेलबुट्टी काढलेला घेरदार झगा, पायात टोकदार बूट. डोक्यावर उंच फेटा बांधलेला, आणि फेट्याच्या शेंड्यातून आणखी एक छोटं शांत मुख वर आलेलं.

"हे वरचं कोण?" तिनं विचारलं.

अनुराधानं सांगितलं, तो बुद्ध. खालचा सोंगत्सेन गाम्पो, तिबेटचा सातव्या शतकातला राजा. त्यानं त्या देशात बौद्ध धर्म आणला असं मानतात. पुढे लोक म्हणायला लागले की तो नुसता राजा नव्हता, करुणेच्या देवाचाच अवतार होता, म्हणून मूर्तिकार त्याच्या फेट्यात बुद्धाचं मुख काढतात. हिमालयात जिथं जिथं अशी मूर्ती आहे तिथं तिथं लोक सांगतात, ही राजा हयात असताना घडवली. लामाजींच्या गावातही हेच सांगतात. म्हणजे मूर्ती तेराशे वर्षांची झाली.

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"सतराव्या शतकातली. फार तर साडेतीनशे वर्षं." ती बोटानं दाखवत गेली. झग्याच्या गळ्याची ही घडी, बुटांची ही ठेवण, वेलबुट्टीतलं हे फूल, हे त्याआधी कुठेच दिसत नाही. शिंप्याचा काळ कपड्यावरून कळतो तसाच मूर्तिकाराचा कळतो. लामाजींना तिनं हे हिंदीत सांगून पाहिलं होतं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, हे तिला आजवर उमगलं नव्हतं.

मशीनच्या टेबलावर राजाला आडवं करावं लागणार होतं. हमाल थबकले. सगळ्यांनी लामाजींकडे पाहिलं. राजा शेकडो वर्षं बसलेला होता, त्याला कुणी निजवलं नव्हतं. लामाजींनी थोडा विचार केला आणि हिंदीत म्हणाले, लांबून आलाय, दमला असेल, झोपू द्या. मग त्यांनी झोळीतून एक पांढरं रेशमी वस्त्र काढून टेबलावर अंथरलं. राजाला त्यावर निजवल्यावर जहांआरानं त्याच्या दोन्ही बाजूंनी उशा लावल्या, डोक्याखाली लहान मुलांसाठी ठेवलेली फोमची खोबण दिली आणि पट्टे बांधले. पट्टा तड्यावर येऊ नये म्हणून तिनं तो दोनदा सोडून बांधला.

मग सगळे काचेच्या अलीकडे आले. तिनं सवयीनं बटणं दाबली, आणि सवयीनंच पेशंटला सूचना देणारं बटणही दाबलं गेलं. आतल्या स्पीकरवरून बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, आधी अरबीत, मग इंग्रजीत. श्वास घ्या. श्वास रोखा. जहांआरा ओशाळली. लामाजींनी तो आवाज काय म्हणतोय असं विचारलं. तिनं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, आणि टेबल सरकायला लागलं तेव्हा तिनं पाहिलं, ते डोळे मिटून स्वतःचा श्वास रोखून उभे होते. राजाच्या वतीनं.

पडद्यावर काप येऊ लागले. बैठकीपासून डोक्याकडे, पाव बोटाच्या अंतरानं एकेक. माती पांढुरकी दिसत होती, तिच्यात मिसळलेल्या गवताच्या काड्यांच्या जागी काळे ठिपके. तड्याची काळी रेघ बाहेरून आत शिरलेली. पोकळीत गोल गोल वळकट्या दिसायला लागल्या. अनुराधा हलक्या आवाजात सांगत होती, त्या मंत्र लिहिलेल्या कागदांच्या गुंडाळ्या. मूर्ती घडवून झाली की तिच्या पोटात मंत्र भरतात, धान्य भरतात आणि मधोमध शुकपाच्या लाकडाचा एक दांडा उभा करतात. शुकपा म्हणजे तिकडचं धुपाचं झाड. दांडा हा मूर्तीचा कणा. तो उभा केल्याशिवाय मूर्तीत जीव येत नाही. जहांआराला तो कणा दिसला. मधोमध, गोल, मातीपेक्षा गडद. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे होतं.

मग छातीच्या उंचीला एक नवीन गोल दिसला.

पहिल्यांदा तिला वाटलं, मशीनची चूक. कधी कधी एकाच वस्तूची दुहेरी सावली येते. पुढच्या कापांत तो गोल पसरला आणि पुन्हा आवळला. त्याच्या दोन्ही अंगांना फुगवटे आले. इतकी वर्षं माणसं कापून पाहिल्यामुळे त्या फुगवट्यांचं नाव तिच्या मनात आपोआप उमटलं. खांदे. बाहेरच्या मातीच्या आत, तिला न चिकटलेले, निराळे खांदे. त्यापुढे मान. मानेनंतर काय येतं ते तिला ठाऊक होतं. हनुवटी, ओठ, नाक, डोळ्यांच्या खोबण्या, याच क्रमानं पडद्यावर चेहरा येतो. रोज येतो. आणि तो आला. आधी हनुवटी आली. मग ओठांची बारीक रेघ. मग नाक. मग डोळे.

तिचा हात माउसवरच राहिला. "सुभानल्ला," ती म्हणाली, आणि आपण हे मोठ्यानं बोललो हे तिच्या नंतर लक्षात आलं.

मशीननं ते सगळे काप जोडून उभं चित्र करायला बराच वेळ घेतला. त्या काळची मशीनं सावकाशच चालायची. पडद्यावर राखाडी रंगात वरून खाली ओळी उतरत गेल्या, आणि राजाच्या छातीपासून कपाळापर्यंतच्या पोकळीत वीतभर उंचीचा एक दुसरा राजा बसलेला दिसला. पाठ ताठ. हात मांडीवर. तोच कणा त्याच्या बुडातून आत शिरून मस्तकापर्यंत गेलेला. बाहेरच्या मूर्तीला वेगळा कणा नव्हताच. हा छोटा राजा आधीचा होता, आणि कुणीतरी त्याला मोडून न टाकता, त्याच्याच कण्याभोवती मंत्र आणि माती रचत मोठा राजा घडवला होता. मग बाहेरून रंग दिला, काजळी चढत गेली, आणि आत कोण आहे हे माणसं विसरून गेली.

जहांआराला मूर्तीची भीती वाटली नव्हती, भक्तीही वाटली नव्हती. तिला वाटलं ते निराळंच होतं. मुंबईत शिकत असताना पहिल्यांदा पडद्यावर धडधडणारं काळीज पाहिलं होतं, तेव्हा तिच्या अंगावर असाच काटा आला होता. वाटलं होतं, हे कुणी आणि कसं बनवलं असेल. त्यानंतर हजारो काळजं पाहिली आणि तो काटा हरवला. आज तो आला होता, आणि तिला आपला चेहरा सावरता येत नव्हता.

लामाजींना पडद्यावरचं काही समजत नव्हतं. त्यांनी तिचा चेहरा पाहिला. ते घाबरून पुढे आले आणि तिला विचारू लागले. "दीदी, इनको ज्यादा लगा क्या?"

रिपोर्ट डॉक्टर देतील, हे वाक्य तिच्या जिभेवर आलंच नाही. "बाहरवाले को लगा है," ती म्हणाली. "अंदर जो बैठे हैं, उनको कुछ नहीं हुआ."

"अंदर कौन?"

तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि बोटानं दाखवलं. हे खांदे. हे नाक. हा फेटा. लामाजी बघत राहिले. लहानपणापासून ते त्या राजासमोर दिवा लावत आले होते. त्यांच्या गुरूंनी लावला होता, गुरूंच्या गुरूंनी लावला होता. त्यांतल्या कुणी हा दुसरा पाहिला नव्हता. मग त्यांनी वाकून आपलं कपाळ टेबलाच्या कडेला टेकवलं आणि बराच वेळ तसेच राहिले.

अनुराधा भिंतीला टेकून उभी होती. थोड्या वेळानं ती पडद्याजवळ आली आणि तिनं जहांआराला फेट्याचा वरचा भाग मोठा करून दाखवायला सांगितलं. आणखी मोठा. दुसऱ्या बाजूनं. मग म्हणाली, "याच्या डोक्यावर बुद्ध नाही."

खरंच नव्हता. आतल्या राजाचा फेटा साधा होता, वर निमुळता होत गेलेला, आणि तिथंच संपलेला. अनुराधानं पडद्यावरच्या त्या टोकावर बोट ठेवलं. म्हणाली, हा त्या काळातला, जेव्हा लोक राजाला नुसता राजा समजत होते. माणूस. अवतार ही समजूत नंतरची. ती किती नंतरची यावर लोक आयुष्यभर भांडलेत, आणि इथं दोन्ही काळ एकात एक बसलेत. आतल्याचा काळ कळला, तर पुष्कळ कळेल.

तिथूनच बिनसलं. आतल्या राजाचा काळ कळायला त्याचा कण तरी हवा होता. अनुराधानं लामाजींना विचारलं. बुडाची फळी निखळलेलीच आहे, तिथून बारीक चिमटा आत घालून कण्याचा तिळाएवढा तुकडा काढता येईल. लामाजी नाही म्हणाले. तिनं समजावून सांगितलं, की लाकडाच्या तुकड्यावरून झाड कधी तोडलं ते युरोपातली एक प्रयोगशाळा सांगू शकते, मूर्तीला काही होणार नाही. लामाजी म्हणाले, तो त्याचा कणा आहे. म्युझियमचे साहेब मध्ये पडले, विमा कंपनीचा माणूस मध्ये पडला. लामाजींनी हात जोडले, आवाज चढवला नाही, आणि ते जागचे हलले नाहीत. शेवटी अनुराधा त्यांना म्हणाली, की तुम्हाला सत्य नको आहे. हे बोलल्याचं तिला लगेच वाईट वाटलं. पण शब्द गेला होता. लामाजी व्हॅनमध्ये मूर्तीशेजारी जाऊन बसले.

सगळे गेल्यावर जहांआरा खोली आवरायला लागली. टेबलावरचं रेशमी वस्त्र विसरून राहिलं होतं. ते झटकायला म्हणून तिनं उचललं, आणि घडीत काहीतरी टोचलं. काडेपेटीतल्या काडीएवढी, तांबूस, एक ढलपी. तिनं ती नाकाशी नेली. उग्र, गोडसर, धुपासारखा वास आला. मूर्तीच्या पोटात लाकूड म्हणावं असं एकच होतं. फळी निखळताना कण्याच्या खालच्या टोकाची ही ढलपी उडाली असणार आणि राजाला आडवं केल्यावर घरंगळत बाहेर आली असणार.

तिनं ती तपासणीच्या नमुन्याच्या एका स्वच्छ बाटलीत घातली. अनुराधाचा नंबर तिच्याकडे होता. फोनपर्यंत हात गेला आणि ती थांबली. ही वस्तू कुणाची? पेशंटच्या पोटातून निघालेला खडा आपण पेशंटच्या हातात देतो, ज्याला त्याच्यावर संशोधन करायचंय त्याला देत नाही. जुम्म्याच्या नमाजानंतर मोहिद्दीन घ्यायला आला तेव्हा तिनं गाडी घराऐवजी शारजाकडे घ्यायला सांगितली. शारजाचा रस्ता शुक्रवारीही तुंबलेला. मोहिद्दीननं कारण विचारलं, तिनं बाटली दाखवली. तो म्हणाला, एका काडीसाठी शारजा. मग तिच्याकडे नीट पाहून त्यानं गाडी वळवली.

म्युझियमच्या मागच्या खोलीत लामाजी राजाशेजारी सतरंजीवर बसले होते. जहांआरानं त्यांच्या हातात वस्त्र दिलं, मग बाटली दिली आणि काय घडलं ते सांगितलं. ती म्हणाली, ही तुमची. तुम्हाला आत परत ठेवायची असेल तर ठेवा. अनुराधामॅडमना मी काही सांगितलेलं नाही.

लामाजींनी बाटली उजेडात धरली. बूच उघडून वास घेतला. हसले. म्हणाले, आमच्या गावात आता शुकपाची दोनच झाडं उरलीत, हा वास मला शंभरांतून ओळखता येईल. मग त्यांनी तिला विचारलं, तुम्ही असता तर काय केलं असतं. तिनं खरं तेच सांगितलं. ती म्हणाली, मी आज जे पाहिलं ते पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतंय. तो तिथं कधीपासून बसलाय हे कळलं तर मला आवडेल. पण त्याला हात लावून नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनुराधाचा फोन आला. लामाजींनी सकाळी तिला बोलावून बाटली दिली होती. म्हणाले होते, मी काढून दिलं नसतं. पण हे त्यानं स्वतः दिलंय. आदल्या दिवशीच्या बोलण्याबद्दल तिनं त्यांची माफी मागितली, तर त्यांनी तिला सतरंजीवर बसायला सांगून लोण्याचा खारट चहा पाजला.

तडा लामाजींनी स्वतः भरला. गावाहून पिशवीभर माती त्यांनी बरोबर आणलीच होती, वाटेत काही झालं तर म्हणून. प्रदर्शन उघडल्यावर पहिल्याच शुक्रवारी जहांआरा घरच्यांना घेऊन गेली. काचेच्या पेटीत राजा बसला होता, खांद्यावर ताज्या मातीची एक रेघ. शेजारच्या भिंतीवर, मागून उजेड सोडलेल्या चौकटीत, तिनं काढलेल्या स्कॅनची फिल्म. अनुराधानं पाटी बदलली होती. बाहेरची मूर्ती सतराव्या शतकातली, एवढं लिहून पुढे म्हटलं होतं, आतली मूर्ती त्याआधीची, काळ अजून माहीत नाही. लोक पेटीकडून फिल्मकडे आणि फिल्मकडून पुन्हा पेटीकडे जात होते. एक अरबी आजोबा नातवाला उचलून दाखवत होते. सुमैय्या बराच वेळ नाक काचेला लावून उभी राहिली आणि म्हणाली, "डज ही नो देअर इज समवन इनसाइड हिम?" जहांआरानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मोहिद्दीननं फिल्म पाहिली, मूर्ती पाहिली, बायकोकडे पाहिलं, आणि तो पुन्हा फिल्मकडे वळला.

मार्चमध्ये राजा लडाखला परत गेला. प्रयोगशाळेचं उत्तर मे महिन्यात आलं. जहांआरा दुपारच्या सुट्टीत डबा खात होती तेव्हा अनुराधानं फोनवरून सांगितलं. झाड अकराव्या शतकात तोडलेलं होतं, फार तर बाराव्याच्या सुरुवातीला. लाकूड जुनं असून मूर्ती त्यामानानं नवी असं कधी कधी होतं, तेवढी शंका ठेवायलाच हवी. पण या राजाची इतकी जुनी मूर्ती तिला तरी दुसरी माहीत नव्हती.

"म्हणजे लामाजींचं खरं की तुमचं?" जहांआरानं विचारलं.

अनुराधा हसली. दोघांचंही नाही, म्हणाली. राजा गेला त्यानंतर चारशे वर्षांनी कुणीतरी त्याची आठवण काढून त्याला मातीत बसवलं. त्यानंतर सहाशे वर्षांनी कुणीतरी त्या आठवणीभोवती दुसरा राजा घडवला, आणि या वेळी त्याच्या डोक्यावर बुद्ध बसवला. मला एवढंच कळतं की त्या दुसऱ्या मूर्तिकारानं जुन्याला फेकलं नाही.

फोन ठेवल्यावर जहांआरा डबा तसाच समोर ठेवून बसली. नऊशे वर्षं. तेव्हा दुबई नव्हती, मुंबई नव्हती. म्हसळ्याच्या खाडीत कोण राहत होतं कुणास ठाऊक. तेव्हापासून तो तिथं अंधारात ताठ बसून होता, आणि इतक्या माणसांमधून त्याचा चेहरा पहिल्यांदा आपल्याला दिसला. या विचाराचं काय करायचं ते तिला कळेना. दुपारी मणक्याच्या दुखण्याचा एक उडिया सुतार आला. तिनं त्याच्या पाठीचे काप पडद्यावर उतरताना पाहिले. एकावर एक बसलेले ते मणके तिनं त्या दिवशी जरा जास्त वेळ बघितले. सुतारानं काचेपलीकडून काही वाईट आहे का म्हणून खूण केली. तिनं हसून मान हलवली, नाही.

ऑगस्टमध्ये शाळेच्या सुट्टीत अनुराधा लडाखला गेली, फिल्मची एक प्रत आणि प्रयोगशाळेचं उत्तर घेऊन. गावात फोन नव्हता. परत लेहला आल्यावर तिनं एसटीडी बूथवरून जहांआराच्या घरी फोन लावला. लाइनीत खरखर होती, त्यामुळे ती मोठ्यानं बोलत होती.

तिनं सांगितलं, की लामाजींनी सगळ्या गावाला देवळात बोलावलं. खिडकी एकच, तीही लहान. त्या खिडकीत त्यांनी फिल्म धरली. उन्हात आतला राजा उजळला. मग एक म्हातारी पुढे झाली, तिनं फिल्म पाहिली, वळून मूर्ती पाहिली आणि मूर्तीच्या छातीवर कान ठेवला. तिच्यामागे रांग लागली. लहान मुलंसुद्धा कान लावून गेली. अनुराधानं नऊशे वर्षांची गोष्ट सांगितली तेव्हा लामाजींनी ती त्यांच्या भाषेत सगळ्यांना सांगितली, आणि मग तिला म्हणाले, की गावात तेराशेच म्हणत राहतील, तुम्ही राग मानू नका. आपणही रांगेत उभं राहून कान लावला, असं ती म्हणाली. काही ऐकू आलं नाही, पण तिथून उठवेना.

"आणि ऐका," ती ओरडून म्हणाली. "त्याला पहिल्यांदा पाहिलं कुणी, असं त्या बायकांनी विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. त्यांना म्हणता येईना. तरी तुमच्या नावानं रोज एक दिवा लावायचं ठरलंय. चालेल ना तुम्हाला?"

जहांआरा नमाजी बाई. आपल्या नावाचा दिवा एका मूर्तीसमोर, हे तिच्या मनात नीट बसेना. तिनं रिसीव्हरवर हात ठेवून मोहिद्दीनला विचारलं. तो जमिनीवर बसून एका पंपाचं झाकण उघडत होता. हातातलं काम थांबवून त्यानं क्षणभर विचार केला.

"कुणी परक्या मुलखात तुझी आठवण काढतंय," तो म्हणाला. "दुआच आहे ती. नको कशाला म्हणायचं?"

तिनं रिसीव्हरवरचा हात काढला. पलीकडे लेहच्या बाजारातला गलका ऐकू येत होता, कुणीतरी जीपवाला प्रवाशांना हाका मारत होता. चालेल म्हणून सांगा, ती अनुराधाला म्हणाली, आणि माझा सलाम सांगा त्यांना. सगळ्यांना.

लाइन तुटली तरी ती थोडा वेळ फोनजवळ उभी राहिली. मग खिडकीपाशी गेली. बाहेर अल कुसैसच्या इमारतींवर ऑगस्टचं पांढरं ऊन पसरलं होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तिथं आत्ता दिवा लागला असेल का, असा विचार तिच्या मनात आला, आणि बर्फाच्या डोंगरातलं, तिनं कधीही न पाहिलेलं ते अंधारं देऊळ तिला इतकं स्पष्ट दिसलं, की मोहिद्दीननं दोनदा हाक मारली ती तिला ऐकू आली नाही.